खोकली का समदी?

तळमजल्यावरच्या त्या ब्लॉकला आता कुलूप आहे, पण मागच्या पट्टीतल्या मिरच्या अजून लागतात. त्यांना पाणी घालायला कुणी नाही. पावसाचं जे मिळालं त्यावर त्यांनी दिवाळी काढली आणि आता पानं गळून नुसत्या काटक्या उरल्यात, त्यावर लालभडक मिरच्या. परवा सावंतकाकांनी त्यातली एक तोडून वरणाच्या फोडणीत टाकली आणि अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं. "आक्का होती तेव्हा पण इतकी तिखट नव्हती हो," असं ते जिन्यात मला म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले. आमच्या बिल्डिंगीत हौसाक्काचं नाव निघालं की माणसं असंच करतात.

पाणी तोडलं की मिरची रागावते, हे आक्काचंच म्हणणं. "लाड केलं की ती भोपळी हुती," असं ती मला खालून वर बघत सांगायची. माझी बाल्कनी बरोबर तिच्या पट्टीच्या डोक्यावर. त्यामुळे मी तिची शेजारीण कमी आणि प्रेक्षक जास्त.

बदलापूरजवळ खरवईला आम्ही राहायला आलो तेव्हा बिल्डरच्या कागदावर या पट्टीचं नाव 'लँडस्केप गार्डन' असं होतं. प्रत्यक्षात ती बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली, फुटक्या टाइल्स आणि सिमेंटच्या गोण्या टाकायची जागा होती. हौसाक्का आणि तिचा मुलगा दत्ता तळमजल्यावर राहायला आले आणि आठवड्याच्या आत आक्काने ते सगळं डबर उचलून भिंतीशी रचलं, कुठूनशी माती आणली, राख कालवली आणि मिरचीचं बी टाकलं. सोसायटीला विचारलं नाही. सोसायटीनेही तिला विचारलं नाही, कारण कमरेला पदर खोचून, साडीवर पुरुषाचा फुल शर्ट घालून फावडं मारणाऱ्या बाईला काय विचारायचं हे कुणाला सुचलं नाही.

तो शर्ट तिच्या नवऱ्याचा. नवरा उल्हासनगरला असतानाच गेला. त्याचे दोन शर्ट तिने ठेवले होते आणि मिरचीत उतरताना त्यातला एक घालायचीच. बाई बुटकी, काटक, नाकात चमकी. डोळ्यात काही गेलं तर दंडाने पुसायची, बोट कधी लावायची नाही. देवाला हात जोडतानासुद्धा तिची बोटं जरा फाकलेली असायची. तीस-एक वर्षं मिरचीत घातलेले हात होते ते.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात लाजोभाभी नावाच्या सिंधी बाईंचा डंक होता, म्हणजे लोखंडी मुसळं वरखाली आपटत मिरची-मसाला कुटून देणारं यंत्र. साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली हौसा तिथे कामाला लागली ती दत्ता कमावता होईपर्यंत तिथेच होती. मिरचीबद्दल ती बोलायची ते नात्यातल्या बायकांबद्दल बोलावं तसं. "ब्याडगी म्हंजे निस्ता मेकप. संकेश्वरी बोलून दावती. लवंगी बोलत न्हाई, करती." पट्टीत तिने लवंगीच लावली होती. फुलं धरेपर्यंत पाणी द्यायची, पानं आकसली, म्हणजे कोकडा आला, की आंबट ताक शिंपडायची, आणि फळ धरलं की पाणी तोडायची. झाडं माना टाकायची. मला वरून दया यायची, मी म्हणायचे, "आक्का, एक तांब्या तरी घाला." ती म्हणायची, "थांबा जरा. रागवू द्या तिला."

या रागावलेल्या मिरचीचं खरं काम शनिवारी दिवेलागणीला असायचं.

शनिवारी आक्का दत्ताची दृष्ट काढायची. पट्टीत लोखंडी शेगडी पेटवायची. निखारे फुलले की दत्ताला पाटावर बसवायची, मुठीत मीठ, मोहऱ्या आणि वाळक्या मिरच्या घेऊन त्याच्यावरून उतरवायची, आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची आणि शेवटी आपली स्वतःची नजर त्यात घालायची, आणि मूठ निखाऱ्यांवर सोडायची. मग जे काही वर यायचं त्याने तिन्ही मजले हलायचे. पहिल्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर कॉलेजची पोरं, तिसऱ्यावर सावंतकाका. खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. आणि खालून आक्काचा आवाज यायचा, "खोकली का समदी?"

आम्ही खोकलो की तिला बरं वाटायचं. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती. मिरच्या जळूनही ठसका आला नाही तर समजायचं, नजर लागलेली होती आणि ती मिरचीने खाल्ली. हे सगळीकडेच मानतात. पण आक्काचा नियम आणखी एक पाऊल पुढे होता. आजूबाजूच्यांनी खोकून भागत नाही, पाटावर बसलाय त्याने खोकलं पाहिजे. दत्ता तेव्हा छान खोकायचा. एवढा आडदांड गडी, डोळ्यांतून पाणी काढत, हसत हसत उठायचा आणि म्हणायचा, "बस काय आई, मर्डर करते काय?" आक्का त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि निखाऱ्यांवर पाणी ओतायची.

सावंतकाका आमचे सेक्रेटरी. त्यांनी तिला दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा लेखी देणार होते, तेवढ्यात त्यांचा नातू आला पुण्याहून, तो काही केल्या रडायचा थांबेना. डॉक्टर झाले, ग्राइप वॉटर झालं. शनिवारी संध्याकाळी काका नातवाला खांद्यावर घेऊन पट्टीत उभे. आक्काने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नातवाला पाटावर बसवलं, मिरच्या टाकल्या. पोरगं ठसकलं, सावंत ठसकले, पोरगं आजोबांना खोकताना बघून हसायला लागलं. तेव्हापासून लेखी समजेचा विषय संपला, आणि बिल्डिंगीतली सगळी पोरं शनिवारी आक्काच्या पाटावरून जाऊ लागली. मी अंबरनाथला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांच्या डोळ्यांशी माझा संबंध, पण नजर लागते हे मी कधी मानलं नाही. तरी माझी भाची आली की तिला खाली पाठवायचे. शेजारधर्म म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

एकदा लाजोभाभी तिला भेटायला आल्या होत्या. जाड काचेचा चष्मा, हातात पापडाची थैली. तो नेमका शनिवार. शेगडी पेटली तशी भाभी तोंडाला ओढणी लावून माझ्याकडे वर आल्या आणि खोकत खोकत सांगू लागल्या, "ये हौसा है ना, मशीन के मुँह पे बैठती थी. बाकी औरतें एक घंटे में भाग जाती थीं. इसको कुछ होता ही नहीं था. ऐसी बाई मेरे को फिर नहीं मिली." मी खाली बघितलं. खरंच की. आक्का निखाऱ्यांवर वाकून फुंकर घालत होती आणि तिला साधं खाकरावंही लागत नव्हतं. इतके शनिवार मी वरून बघत होते आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं.

दत्ता कंपनीत होता. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे एमआयडीसीत एक केमिकलची कंपनी, तिथे आधी कॉन्ट्रॅक्टवर, मग ऑपरेटर. तिथे काय बनतं हे त्याला धड सांगता यायचं नाही, "पावडर बनते, पुढे दुसरीकडे जाते," एवढंच. मनाने मोकळा. बिल्डिंगीतला कुणाचा नळ गळला, गीझर बिघडला की दत्ता हजर. माझ्या बाल्कनीची दोरी त्यानेच बांधून दिलेली. त्या वर्षी तो पर्मनंट झाला आणि शहाडची एक मुलगी त्याला सांगून आली. मुलगी चांगली, दोघं फोनवर तासन्‌तास बोलायची, दत्ता पट्टीत मिरचीच्या ओळींमधून फेऱ्या मारत बोलायचा आणि मला वरून सगळं ऐकू यायचं. आक्का आनंदात होती आणि धास्तावलेलीही होती. "एकदम दोन बऱ्या गोष्टी झाल्या, ताई," ती मला म्हणाली. "मानसं बगत्यात."

त्यानंतरच्याच एका शनिवारी दत्ताला ठसका लागला नाही.

आम्ही सगळे खोकलो. मी तर दार लावून आत गेले. पण खालून नेहमीचा प्रश्न आला नाही, म्हणून परत बाल्कनीत आले. दत्ता पाटावर शांत बसला होता, धूर त्याच्या तोंडावर येत होता, आणि तो मोबाइल बघत होता. आक्का त्याच्यासमोर उभी होती.

"तुला न्हाई लागला?"

"काय?"

"ठसका."

"नाय लागला. मिरची जुनी असेल."

मिरची त्याच आठवड्यात तोडून वाळवलेली होती, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिने मुठीत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या निखाऱ्यांवर टाकल्या. दुसऱ्या मजल्यावरची पोरं शिव्या घालायला लागली. दत्ता म्हणाला, "आई, बस ना आता, भूक लागलीय."

पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही. आक्काने पट्टीचं पाणी पूर्ण तोडलं. "लवंगी नीट रागावली न्हाई," म्हणायची. झाडं वाळून चालली तरी तिने तांब्याभर पाणी घातलं नाही. मग तिने दत्ताला त्याच्याच फोनवरून भुताच्या मिरचीचं, म्हणजे त्या आसामकडच्या भूत जोलोकियाचं बी मागवायला लावलं. ती रोपं तिने घरात, देवाच्या फळीखाली वाढवली. मिरची सुरकुतलेली, बुटकी, दिसायला गबाळी. तिची पहिली मूठ निखाऱ्यांवर पडली त्या शनिवारी समोरच्या बिल्डिंगीतली माणसं रस्त्यावर आली. मला रात्री झोपेपर्यंत घसा धरून बसावं लागलं. दत्ता पाटावरून उठला, आम्हा सगळ्यांना खोकताना बघून त्याला हसू आलं, आणि त्याने धावत वर येऊन मला पाणी दिलं.

आक्काचा चेहरा त्यानंतर उतरत गेला. एवढ्या मिरच्यांनी खाऊनही संपत नाही अशी ही नजर कुणाची? तिने माणसं मोजायला सुरुवात केली. चुलतजावेशी बोलणं सोडलं. शहाडच्या मुलीची मावशी घर बघायला आली होती, तिने दत्ताकडे बघून "काय पैलवान आहे" म्हटलं होतं, ते आक्काने धरून ठेवलं आणि लग्नाची बोलणी लांबवली. सावंतकाकांकडेही ती संशयाने बघू लागली. माझ्याकडेही बघत असणार, कारण एका शनिवारी नजरांची नावं घेताना तिने "वरच्याची" असं म्हटलेलं मी स्पष्ट ऐकलं. मला राग आला. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

थंडीत आमच्याकडे संध्याकाळी वास येतो. एमआयडीसीकडचा वारा खाली बसतो आणि कधी सडक्या अंड्याचा, कधी रॉकेलसारखा, कधी नुसताच घशात खवखवणारा वास पसरतो. तक्रारी होतात, मोबाइलवर चर्चा होते, माणसं खिडक्या लावतात, आणि सकाळी विसरतात. अशा एका संध्याकाळी मी खिडक्या लावत होते. खाली दत्ता होता, पट्टीत फेऱ्या मारत फोनवर. मी म्हटलं, "अरे, आत जा. केवढा वास सुटलाय."

त्याने वर बघितलं. "कसला वास?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो नाक वर करून हुंगत होता आणि त्याला खरंच काही येत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी आक्का पट्टीतली पानं खुडत होती. लवंगीच्या पानांवर पांढरे डाग पडले होते, कडा करपल्या होत्या. "वाऱ्यानं खाल्लं," ती म्हणाली. मी अबोला सोडून खाली गेले.

"आक्का, दत्ताला काल तो वास आला नाही," मी सांगितलं. "त्याला नजर नाही लागलेली. त्याचं नाक गेलंय. घसा गेलाय. कंपनीतल्या हवेने. त्याला डॉक्टरकडे न्या."

"नाक हाय की त्याचं जाग्यावर," ती म्हणाली. पण हातातली पानं तशीच राहिली.

दत्ता आतून बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो हसला. "ताई, टेन्शन नका घेऊ. कंपनीचं मेडिकल झालंय, एकदम फिट आहे. उलट मला त्रासच होत नाही. कुठे गळती झाली ना, सगळे बाहेर पळतात खोकत. मी आत जातो, व्हॉल्व्ह बंद करतो, येतो बाहेर. साहेब आधी मलाच बोलावतो. पर्मनंट असाच नाय केला." त्याच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. चार लोकांना वाचवल्याचा तो अभिमान होता.

आक्का भिंतीला टेकून खाली बसली. मिरचीचे हात तिने पहिल्यांदाच मांडीवर पालथे ठेवले. मग दत्ताला नाही, मला म्हणाली, "डंकावर पैल्या वर्साला मी रगत पडंपतूर खोकत हुते, ताई. मग एकाएकी थांबलं. मला वाटलं, सवय झाली. भाभी खूस झाली, मला मशीनच्या तोंडाशी बसिवलं. पगार वाढिवला." तिने नाकाला हात लावला. "माजा ठसका मिरचीनं खाल्ला. ह्याचा कुनी खाल्ला?"

दत्ता म्हणाला, "झालं तुझं सुरू," आणि कामाला निघून गेला. दुसऱ्या पाळीला होता.

त्यानंतर दोघांची रोज भांडणं व्हायची. सोड कंपनी, ती म्हणायची. सोडून काय करू, तो म्हणायचा, रिक्षा चालवू? लग्न या नोकरीवर ठरलंय. डॉक्टरकडे चल म्हटलं तर दोनदा गेला. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला, सुट्टी घ्या म्हणाले. सुट्टी घेतली की साहेबाचा फोन यायचा. दत्ताला नाही म्हणता यायचं नाही. लहानपणापासून त्याला कुणालाच नाही म्हणता आलं नव्हतं, नळ गळणाऱ्यांनाही नाही.

मग एका दुपारी आक्का माझ्या दारात आली. साडीवर शर्ट, हातात पिशवी, पिशवीत शेगडी. "चला माज्यासंगं. साहेबाला दावायचंय. मला त्यांच्यासारकं बोलता येत न्हाई, तुमी बोला." मी दुकानात फोन करून अर्धा दिवस टाकला. कंपनीच्या गेटसमोर टपरी होती, तिथून तिने निखारे मागून घेतले आणि पाळी सुटायच्या वेळी बरोबर गेटसमोर शेगडी मांडली. वॉचमन ओरडत आला. तोवर तिने भुताच्या मिरच्यांची ओंजळ टाकली होती.

वॉचमन खोकत मागे सरला. गेटातून बाहेर पडणारी माणसं तोंडं दाबून दोन्ही बाजूंना पांगली. टपरीवाला चहा टाकून पळाला. मीही रस्त्याच्या पलीकडे गेले. आणि त्या धुरातून दत्ता चालत बाहेर आला, खांद्याला डबा लटकवलेला, आईला बघून लाजलेला. "काय आई हे," एवढंच म्हणाला. आजूबाजूला पन्नास माणसं वाकून खोकत होती. आई आणि मुलगा धुरात सरळ उभे होते.

साहेब रुमाल धरून गेटाशी आला. वयाने दत्ताहून थोडाच मोठा असेल. मी जवळ जाऊन बोलले, खोकत, तुटक तुटक. म्हटलं, बघा, याला काही कळत नाहीये, हा आजार आहे, याला आत पाठवू नका. साहेबाने डोळे पुसले आणि दत्ताच्या पाठीवर हात ठेवला. तो हसत होता, आणि त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही. "मावशी," तो आक्काला म्हणाला, "म्हणून तर आम्ही याला सोडत नाही. असा माणूस लाखात एक."

हेच मी आधी ऐकलं होतं, आणि आक्कानेही डंकावर ऐकलं असणार. भाभीने पापडाची थैली मांडीवर घेऊन माझ्या खोलीत तेच म्हटलं होतं. आक्काने शेगडीवर पाणी ओतलं, शेगडी गरम असतानाच पिशवीत घातली आणि आम्ही परत आलो.

त्या दिवसानंतर शनिवारची दृष्ट बंद झाली. पोरांच्या आया विचारायला यायच्या, ती "मिरची संपली" म्हणायची. मिरची संपली नव्हती. झाडं लगडली होती. ती तोडायची, वाळवायची, डबे भरायची आणि ठेवून द्यायची. दत्ता कामावर असला की ती घरात टिकायची नाही, पट्टीतच असायची, आणि मला काहीतरी विचारायची. "ताई, आज हवा कशी हाय?" मी सांगायचे. बरी आहे. जरा वास आहे. आज काही नाही. तिला स्वतःला काही कळत नव्हतं, त्यामुळे ती माझ्या नाकाने बघायची. ते काम फार जड होतं. दुकानातून घरी यायला उशीर झाला तर मला चुटपुट लागायची.

तो शनिवारच होता. मी दोरीवरचे कपडे काढत होते. आक्का खाली मिरच्या तोडत होती, शर्टाचा ओचा करून त्यात टाकत होती. दत्ता दुसऱ्या पाळीला. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आक्काने पुन्हा सुरू केलं वाटतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी खाली वाकून बघितलं. शेगडी कोपऱ्यात पालथी पडली होती.

मग मला वास आला. नेहमीचा नव्हता. गोडसर, आणि त्याच्या मागून घशात काहीतरी टोचणारं. आक्काने मान वर केली.

"कोन खोकलं, ताई?"

"कुणी नाही. पोरं असतील."

"वास हाय का?"

माझ्या घशात ठसका येऊन उभा होता. पूर्वी आम्ही खोकलो की ती निश्चिंत व्हायची. आता मी खोकले तर तिला कळणार होतं की दत्ताला आत बोलावलं असेल. मी हातातला टॉवेल तोंडात कोंबला आणि मानेनेच नाही म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर सावंतकाका खोकले. मग त्यांच्या शेजारचे. मग समोरची बिल्डिंग, मग त्यापलीकडची. आक्का मजल्यामजल्यावरून मान फिरवत ऐकत होती. मग माझ्याच्याने राहवेना आणि मीही खोकले.

तिने विचारलं नाही. ओचा सोडला, मिरच्या पायाशी पडल्या, आणि ती त्यांच्यावरून चालत फाटकाबाहेर गेली.

कंपनीतून सगळे बाहेर पळाले होते. दत्ताला आत पाठवलं होतं, आणि तो बाहेर आला नाही, हे आम्हाला नंतर कळलं. तेरावं झाल्यावर आक्काचा भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला. ती निघाली तेव्हा मी दुकानात होते. त्यामुळे मला आठवते ती त्या संध्याकाळचीच. रस्त्यावरची माणसं तोंडाला रुमाल, ओढण्या, जे मिळेल ते लावून स्टेशनच्या बाजूला पळत होती. रिक्षा वळून परत येत होत्या. आणि आक्का नवऱ्याचा शर्ट घालून, अनवाणी, उलट्या दिशेला एमआयडीसीकडे भराभर चालली होती. नाकाला पदरसुद्धा लावला नव्हता. फाटकात उभी राहून मी तिला वळणापर्यंत बघत होते. ती एकदाही खोकली नाही.